दुसऱ्या वर्गाचे रेल्वेमंत्री: प्रा. मधू दंडवते

१९७७ पूर्वी ज्यांनी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून रात्रीचा लांबचा प्रवास केला आहे, त्यांना ती लाकडी बाके अजून आठवत असतील. सतरंजी अंथरली तरी फळ्या पाठीला रुतत, आणि सकाळी उतरताना अंग आंबून गेलेले असे. गादी पहिल्या वर्गाला आणि फळी दुसऱ्या वर्गाला, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. जनता पक्षाच्या सरकारात रेल्वेमंत्री झालेल्या प्राध्यापक मधू दंडवते यांनी मात्र ते मान्य केले नाही. दुसऱ्या वर्गाच्या शायिकांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय त्यांनी घेतला. वरच्या वर्गाच्या सोयी काढून घेण्यापेक्षा खालच्या वर्गाला वर आणावे, ही त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेल्या गीतांजली एक्सप्रेसमध्ये तर वर्गभेदच ठेवलेला नव्हता. दंडवते यांचा समाजवाद समजून घ्यायचा असेल, तर तो त्यांच्या भाषणांआधी या डब्यांत शोधावा, असे आम्हांला वाटते.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरला झाला. पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. १९५५ च्या गोवा मुक्तिसंग्रामात ते सत्याग्रही म्हणून उतरले, आणि प्रजा समाजवादी पक्षाचे काम करत विधान परिषदेतून १९७१ साली लोकसभेत पोहोचले. मतदारसंघ होता राजापूर. बॅरिस्टर नाथ पै यांच्या अकाली निधनाने पोरका झालेला हा मतदारसंघ पुढे सलग पाच वेळा दंडवते यांच्या पाठीशी उभा राहिला. पैशाचे वा जातीचे पाठबळ नसलेल्या उमेदवाराला कोकणाने दिलेली ही साथ महाराष्ट्राच्या राजकारणात दुर्मीळच म्हणावी लागेल.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. तेथेच त्यांना अटक झाली. पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवडा कारागृहात आणि मधू दंडवते बंगळूरच्या, अशी दीड वर्षे गेली. या काळात दोघांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून घरची खुशाली, वाचन, संगीत आणि देशाची चिंता ही सारी एकत्रच येत असे. सुटकेनंतर मंत्री झालेल्या दंडवते यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना पुन्हा कामावर घेतले. तुरुंगातून आलेल्या माणसाच्या हाती सत्ता आली असता तिचा वापर सूडासाठी झाला नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

कोकणाला मात्र रेल्वेची प्रतीक्षाच होती. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला एसटीत उभ्याने घाट उतरावा लागे. नाथ पैंनी धरलेला कोकण रेल्वेचा आग्रह दंडवते यांनी संसदेत लावून धरला. पण सह्याद्रीतले बोगदे, खोल दऱ्या आणि खाड्या यांवरचा खर्च कोणी पेलायचा, हा प्रश्न दरवेळी आडवा येई. १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, तेव्हा कुठे तो सुटण्याची चिन्हे दिसू लागली. १९९० मध्ये केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या राज्यांना भागीदार करून कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, बाजारातून रोख्यांद्वारे पैसा उभारण्याचा मार्ग खुला झाला, आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची आणि शेतकऱ्यांना दहा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जातून मुक्त करण्याची घोषणाही दंडवते यांनीच केली.

१९९१ च्या निवडणुकीत याच राजापूरने त्यांना पराभूत केले. कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्णपणे खुला झाला तेव्हा ते खासदार नव्हते. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून काम पाहत होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेनुसार देह जे. जे. रुग्णालयाला वैद्यकीय अभ्यासासाठी देण्यात आला.