घोरणं आणि हृदयविकार: आठ रकान्यांचा हिशेब

(रात्र. अंधारी खोली. घोरण्याचा आवाज.)

घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. म्हणून नॉर्टन आणि डन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 'हे किती घोरतात?' हा प्रश्न जोडीदाराला होता. माणसं २४८४.

(पडद्यावर तक्ता भरत जातो.)

कधीच न घोरणारे १३७९. त्यांत हृदयविकाराचे २४. अधूनमधून घोरणारे ६३८, त्यांत ३५. जवळजवळ रोज घोरणारे २१३, त्यांत २१. अगदी रोज घोरणारे २५४, त्यांत ३०. म्हणजे १.७ टक्क्यांवरून चढत थेट ११.८.

हा नुसता योगायोग असेल का? सापडलेल्या आणि अपेक्षित संख्यांतली तफावत मोजणारी काय-वर्ग कसोटी आधी धरून चालते की घोरण्याचा आणि हृदयविकाराचा काही संबंध नाही. तसं असेल तर एकूण ११० रुग्णांचं ४.४३ टक्के हे प्रमाण चारही गटांत दिसायला हवं. रोज घोरणाऱ्यांत २५४ गुणिले ११० भागिले २४८४, अपेक्षित रुग्ण ११.२५. सापडले ३०. फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित संख्या: ३१.३. चार गट, प्रत्येकात रुग्ण आणि बिनरुग्ण, अशा आठही रकान्यांची बेरीज ७२.८, हाच काय-वर्ग. स्वातंत्र्याच्या मात्रा (बेरजा ठरल्यावर मोकळे उरणारे रकाने) ३. संबंध नसताना नुसत्या योगायोगाने पाच टक्के वेळाच ओलांडला जाईल असा उंबरठा ७.८१. योगायोग बाद.

(तक्त्यातले आकडे टक्क्यांत बदलतात.)

नवखे हमखास चुकतात ते इथे. संख्येऐवजी टक्के भरले की सूत्राच्या लेखी प्रत्येक गटात शंभरच माणसं, ७२.८ चे ९.१ होतात. शिवाय काय-वर्ग मोठा म्हणून संबंध घट्ट, असंही नाही. सगळे आकडे दहापट करा, तोही दहापट होईल. घट्टपणा मोजायचा तर ऑड्स रेशो काढावा, म्हणजे दोन गटांतल्या 'रुग्ण भागिले बिनरुग्ण' या प्रमाणांचं गुणोत्तर: (३० गुणिले १३५५) भागिले (२४ गुणिले २२४). रोज घोरणारे विरुद्ध कधीच न घोरणारे, ७.६. आणि ओळींची अदलाबदल केली तरी कसोटीचं उत्तर तेच राहतं. चढता क्रम तिला दिसतच नाही. त्यासाठी गटांचा क्रम लक्षात घेणारी कॉक्रन-आर्मिटेज कसोटी.

आता खरी अडचण. वय आणि वजन वाढलं की घोरणंही वाढतं, हृदयविकारही. म्हणून वयोगटांनुसार वेगळे तक्ते करून मँटेल-हेन्झेल पद्धतीने त्यांचं एकच गुणोत्तर काढतात. पण तीन वयोगट, त्यांत स्त्री-पुरुष वेगळे केले, की रोज घोरणाऱ्या ३० रुग्णांतले एकेका तक्त्यात सरासरी पाचच उरतात, आणि इतक्या थोड्यांवरचा अंदाज डळमळीत.

(पुन्हा तीच खोली. शेजारी कुणीतरी जागं आहे.)

शिवाय हृदयविकार झालेल्या नवऱ्याच्या श्वासाकडे बायको रात्रभर कान लावून असेल, तर तिच्या उत्तरात घोरणं जास्तच येणार.