उन्हात ठेवलेली उर्सुला

नेपल्स, मे १६१०. एक ओलं चित्र वाळवणासारखं उन्हात ठेवलंय. चित्र मागवलंय जिनोआच्या मार्कान्तोनियो दोरियाने, आणि त्याच्या इथल्या कारभाऱ्याला, लान्फ्रांको मास्साला, ते रवाना करायची घाई झालीय. पण झालं भलतंच. व्हार्निश वाळायचं सोडून मऊ पडलं. ११ मेच्या पत्रात कारभारी मालकाला कळवतो, की काराव्हाज्जो व्हार्निश फार जाड लावतो. चूक कुणाची, तर चित्रकाराची!

तेच हे चित्र. संत उर्सुलेचं हौतात्म्य.

दंतकथा अशी, की ब्रिटनची ही राजकन्या ११,००० कुमारिकांसह यात्रेहून परतत होती. जर्मनीतल्या कोलोनजवळ हूणांनी त्यांना गाठलं. बाकीच्या मारल्या गेल्या. उर्सुलेला मात्र हूणांच्या राजाने लग्नाची मागणी घातली. ती नाही म्हणाली. त्याने बाण सोडला.

इतर चित्रकार इथे जहाजं काढायचे, नदी, प्रेतांचा खच. काराव्हाज्जोने ते सगळं गाळलं. उरली ती अंधारात दाटीवाटीने उभी असलेली मोजकी माणसं. धनुष्य चालवायचं तर अंतर लागतं. इथे राजा हात लांब केला तर तिला शिवेल एवढा जवळ आहे.

बाण छातीत रुतलाय. ती किंचाळत नाही, आकाशाकडेही बघत नाही. मान खाली घालून, जखमेच्या दोन्ही बाजूंना हात धरून, आपल्याला काय झालंय ते नुसतं बघतेय. आणि राजा? कुणी म्हणेल संतापलाय. मला तरी तो आत्ताच पस्तावलेला दिसतो.

आता दोघांच्या मध्ये बघा. एक उघडा पंजा. कुणीतरी बाण अडवायला हात घातला होता. नंतरच्या रंगाखाली हा हात बुजला होता. २००३-०४ च्या सफाईत तो पुन्हा वर आला.

उर्सुलेच्या मागे, मान उंचावून, तोंड उघडं टाकून बघणारा माणूस म्हणजे खुद्द काराव्हाज्जो. १६०६ मध्ये रोममध्ये एकाचा जीव घेऊन तो पळाला होता. १६०९ मध्ये याच नेपल्समध्ये, एका खाणावळीच्या दारात, त्याच्यावर हल्ला झाला आणि चेहऱ्यावर वार बसले.

२७ मे रोजी चित्र जहाजावर चढलं. जुलैमध्ये, ३८ व्या वर्षी, काराव्हाज्जो पोर्तो एर्कोलेला वारला.

पुढे चित्र नेमकं कुणी काढलं, यावर वाद झाले. १९८० मध्ये कारभाऱ्याचं ते पत्र नेपल्सच्या दप्तरखान्यातून उजेडात आलं, व्हार्निशच्या तक्रारीसकट.