पुरवण्या मोजून गुण मिळत नाहीत

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईत बीएच्या परीक्षा जवळ आल्या की कसारा-कर्जतच्या लोकलमध्येसुद्धा इंग्रजी साहित्याच्या नोट्स उघडलेल्या दिसतात. पाठांतर जोरात चालू असतं. मग उत्तरपत्रिका तपासायला बसलं की तोच मजकूर पानोपानी भेटतो, आणि विचारलेल्याचं उत्तर मात्र शोधावं लागतं.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ या नाटकावरचा एक नेहमीचा प्रश्न घेऊ. मॅकबेथच्या अधःपाताला त्याची बायको, लेडी मॅकबेथ, कितपत जबाबदार आहे? बरीच मुलं सुरुवात करतात ती थेट १५६४ पासून, स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा जन्म झाला तिथून. मग चेटकिणी येतात, मॅकबेथच्या हातून राजा डंकनचा खून होतो, सगळं कथानक सांगून होतं. पुरवणी संपता संपता बिचाऱ्या लेडी मॅकबेथच्या वाट्याला दोन ओळी. अहो, कथानक परीक्षकाला ठाऊक असतं!

मी आधी माझं मत एका वाक्यात लिहीन: पहिल्या खुनाकडे तिने त्याला रेटलं, पुढचे खून त्याचे एकट्याचे. आता पुरावा. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात तो माघार घेतो. ती त्याच्या मर्दपणावरच बोट ठेवते आणि तो तयार होतो. पण खुनाचा विचार तिला भेटण्याआधीच, तिसऱ्या प्रवेशात, त्याच्या मनात येऊन गेलेला असतो. हे आपल्या मताला अडचणीचं आहे, तरी लिहायचंच; लपवलं तर उत्तर लंगडं पडतं. तिसऱ्या अंकात तो आपल्या मित्रावर, बँकोवर, मारेकरी घालतो, तेव्हा तिला काही सांगत नाही. फाइफचा सरदार मॅकडफ, त्याची बायकामुलं मारली जातात, त्या चौथ्या अंकात तर ती रंगमंचावरही येत नाही. आणि तरीही पाचव्या अंकात, झोपेत चालताना, ती विचारते: फाइफच्या सरदाराची बायको आता कुठे आहे? या एका ओळीवर मी पाऊण पान लिहीन. जो खून तिने ठरवला नाही, तोही तिच्या मानगुटीवर बसलाय, कारण सुरुवात आपल्यामुळे झाली हे तिला झोपेतही विसरता येत नाही.

द्वारपालाचा तो विनोदी प्रवेश मला फार आवडतो. या उत्तरात त्याला जागा नाही.

अवतरणं चार-पाच शब्दांची पुरतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी तर मुद्दे आधी शेवटच्या पानावर, कच्चं काम म्हणून, मराठीत मांडले तरी काही बिघडत नाही. पाच मिनिटं जातात, पण पुढची भरकट वाचते.

घरी सराव करताना एवढं करून बघा. उत्तर लिहून झालं की प्रश्न न सांगता ते कुणा मित्राला वाचून दाखवा आणि विचारा, प्रश्न काय असेल? त्याला ओळखता आला नाही, तर कोणते परिच्छेद खोडायचे ते दोघं मिळून ठरवा. नमस्कार.