नदी नसलेल्या गावातली पाण्याकाठची फेरी

(दृश्य: पहाट. काँग्रेस रोड. रेल्वे गेट पडलेलं, दोन्ही बाजूंना स्कूटर आणि सायकली थांबलेल्या.)

बेळगावला नदी नाही. म्हणजे आहे, पण गावात नाही. मलप्रभा बघायची तर खानापूर गाठावं लागतं. मार्कंडेय त्या मानानं जवळची, पण तीही कंग्राळी, काकतीच्या शिवारातून अंग चोरून निघून जाते. सांगलीकर पाहुण्याला कृष्णेच्या घाटावर नेतो, कोल्हापूरकर पंचगंगेवर. आपल्याकडं पाहुणे आले की कॅम्पातून, म्हणजे लष्करी छावणीतून, एक चक्कर आणि येताना कुंद्याची मिठाई. संपलं.

म्हणून आम्ही ठरवलं, पाण्याच्या कडेकडेनं चालत गाव दाखवायचं. एका सकाळची फेरी.

पहिला बेत साफ फसला. नकाशात निळी रेघ दिसली ती बळ्ळारी नाल्याची. शहापूर, वडगावच्या शिवारातून जाते, दोन्ही अंगांना बासमतीची शेतं, म्हटलं झकास. कॅमेरा घेऊन भल्या पहाटे गेलो. शेतं खरोखर देखणी. पण नाल्यात अख्ख्या गावाचं सांडपाणी, आणि वास काही कॅमेऱ्यात येत नाही. वर बांधावर एक शेतकरी भेटले. म्हणाले, "पावसाळ्यात या की. हे सगळं पाण्याखाली असतंय. भात कुठलं, नाला कुठला, कळत नाही बघा." त्यांच्या बोलण्यात तक्रार कमी आणि सवय जास्त होती. तिथं फिरायला माणसं न्यायची आम्हांला लाज वाटली.

मग टिळकवाडीतल्या एका आजोबांनी वाट लावून दिली, चांगल्या अर्थानं. "नदी कुठली ओ इथं? बेळगावचं पाणी जमिनीखाली. विहिरी बघा आधी."

(दृश्य: काँग्रेस विहीर. दगडी बांधकाम. कॅमेरा हळूहळू आत उतरतो.)

तर सुरुवात इथून. डिसेंबर १९२४. काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन बेळगावात भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं. जागेला नाव दिलं विजयनगर. इथले काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांडे कामाला जुंपलेले. देशभरातून माणसं येणार, राहणार, आंघोळी करणार, जेवणार. त्यांना पाणी कुठून? मग ही विहीर खणली. विजयनगरच्या वस्तीतली विहीर, म्हणून जुन्या विजयनगरच्या राजधानीजवळच्या, हंपीकडच्या तलावाचं नाव: पंपा सरोवर. गावानं मात्र ते नाव कधी तोंडात बसू दिलं नाही. आपली काँग्रेस विहीरच.

अधिवेशन आटोपलं, मांडव उठले, खादीचे पडदे गेले. तिथं गाजलेल्या भाषणांतलं एखादं वाक्य आज गावात कुणाला पाठ असेल असं वाटत नाही. विहीर आहे. १९९५ च्या टंचाईत गावातल्या जुन्या विहिरींचा गाळ काढायला घेतला, तेव्हा हिचीही आठवण झाली. कठड्यावरून खाली वाकून बघा. चिऱ्यांच्या सांध्यातून नेचा उगवलाय, आणि पाण्यावर आभाळाचा एक गोल तुकडा. आत आवाज दिला तर क्षणभर थांबून परत येतो. आमच्यातल्या सगळ्यांनी देऊन बघितला, वयाचा मुलाहिजा न ठेवता.

इथून रेल्वे गेट ओलांडायचं. गेट पडलेलं असणारच, ते या फेरीचाच भाग समजा. टिळकवाडीतून गोवावेस, आणि पुढं कपिलेश्वर.

(दृश्य: कपिलेश्वर मंदिर. बेलाच्या पानांची टोपली. मागं तलावाच्या पायऱ्या.)

दक्षिण काशी म्हणतात याला. श्रावणातल्या सोमवारी आलात तर चालायला नव्हे, रांगेत उभं राहायला आलात असं धरा. एरवी सकाळी निवांत असतं. देवळाशेजारचा तलाव बघून बाहेरचा माणूस विचारतो, एवढाच? एवढाच. पण अनंत चतुर्दशीला अख्खं बेळगाव याच पाण्याकडं तोंड करून उभं असतं.

इथल्या सार्वजनिक गणपतीला १९०५ साली झेंडा चौकात सुरुवात झाली, लोकमान्यांच्या हस्ते. तेव्हापासून मंडळं वाढत गेली. आज मिरवणूक दुपारी निघते, रात्र जाते, उजाडतं, दुसऱ्या दिवशीचं ऊन चढतं, तरी शेवटचे गणपती अजून वाटेवरच. क्रेनच्या दोरीला टांगलेली मूर्ती पाण्यावर टेकते तेव्हा ढोल एकदम थांबतात. आम्ही गेलो त्या दिवशी तलावाच्या पायरीवर एक आजी पायातलं जोडवं सारखं करत बसल्या होत्या. बाकी कुणी नाही.

(दृश्य: कपिलेश्वर उड्डाणपूल. खालून मालगाडी जाते.)

पुलावरून शनी मंदिराकडं उतरायचं. वाटेत चहा घ्या. पुढं किल्ला आहे, आणि तिथं घाई करून चालत नाही.

किल्ल्यात शिरण्याआधी खंदक बघा. लोक दरवाज्याकडं बघत पुढं जातात, ते चुकतं. हा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. अशा किल्ल्याला राखायचं काम खंदकालाच करावं लागतं. १८१८ मध्ये इंग्रजांची फौज जनरल मन्रोच्या हाताखाली आली, तेव्हा किल्ला घ्यायला तिला सुमारे तीन आठवडे लागले. आज खंदकात बरीचशी झाडी. पावसाळा सरता सरता आलात तर हिरवं पाणी साचलेलं दिसतं, आणि त्यात बगळे.

आत लष्कराची वस्ती आहे. कॅमेरा काढण्याआधी विचारावं. आम्ही विचारलं, काही ठिकाणी नाही म्हणाले, विषय संपला.

कमल बस्ती हे जैन मंदिर मात्र डोळे भरून बघा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, साल १२०४. काळ्या दगडाचे खांब इतके घोटलेले की त्यात आपला चेहरा पुसटसा दिसतो. छताला उलटं कमळ, पाकळीवर पाकळी, दगडाचं. मान दुखेपर्यंत बघावं. जवळच सफा मशीद, १५१९ ची, आदिलशाही सरदार असदखानानं बांधलेली. किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम आहे. १८९२ मध्ये विवेकानंद बेळगावात आले होते, ते इथल्या एका घरात राहिले.

(दृश्य: किल्ला तलाव. उंच खांबावर झेंडा.)

शेवट किल्ला तलावावर. ११० मीटरच्या खांबावरचा झेंडा वाऱ्यानं फडफडतो, तो आवाज खाली बाकावर बसून ऐकू येतो. रमतगमत आलात तर इथवर तीन तास. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ बरा. मे महिन्यात कुणी सांगितलं तरी येऊ नका.

आणि नदी? मार्कंडेय हवीच असेल तर दुचाकी काढून कंग्राळीला जा. नाहीतर घरी जा. १९६२ पासून राकसकोपच्या जलाशयातून हीच मार्कंडेय पाइपातून गावात येते.

(दृश्य: जुन्या बेळगावातली गल्ली. दारात पिंपं, घागरी मांडलेल्या. नळातून आधी फुसफुस वारा, मग धार.)

पलीकडच्या घरातून हाक येते, "पाणी आलं ओ!" आणि सगळी गल्ली बाहेर.