वर्सोव्याच्या वाळूखालचं इंटरनेट

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनला असलेल्या लेकीशी आपण व्हिडिओ कॉलवर बोलतो, तेव्हा तिचा आवाज उपग्रहावरून येतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो येतो समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून! देशादेशांमधली इंटरनेटची जवळजवळ सगळी वाहतूक याच वाटेने चालते. आणि भारतात येणाऱ्या बऱ्याचशा केबल कुठे किनाऱ्याला लागतात? मुंबईत, वर्सोव्याला. जिथे कोळीवाड्यातले बोंबील वाळत असतात, त्याच किनाऱ्यावर.

मुंबईला हे काम नवं नाही. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तारायंत्राची केबल टाकली. बोटीने जाणाऱ्या पत्राला कित्येक आठवडे लागत. एडनहून पुढची केबलही जोडली गेली आणि त्याच वर्षी लंडनची तार काही तासांतच येऊ लागली.

आताच्या केबलमध्ये केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. त्यांतून लेझरचा प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पण जाता जाता तो क्षीण होतो. म्हणून ठरावीक अंतरावर त्याला पुन्हा जोर देणारी यंत्रं बसवतात, आणि समुद्राच्या तळावरच्या या यंत्रांना वीज मिळते ती किनाऱ्यावरून, त्याच केबलमधून. मला तर या कारागिरीचं फार अप्रूप वाटतं. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते. किनाऱ्याजवळ मात्र जहाजांच्या नांगरांची आणि मासेमारीच्या जाळ्यांची भीती, म्हणून तिथे तिच्यावर पोलादी तारांचं चिलखत चढवतात.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. पुढे केबल वाढल्या, तसा वेगही वाढला.

आणि ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ भारताला युरोपशी जोडणाऱ्या दोन केबल तुटल्या. इतक्या लांब! तरी आपल्याकडचं नेट रखडलं, कॉल सेंटरची कामं खोळंबली. दुरुस्तीचं जहाज गळ टाकून केबलची तुटकी टोकं वर काढतं, डेकवर एकेक काचतंतू जोडून तपासतं आणि केबल पुन्हा पाण्यात सोडतं. यात दिवसच्या दिवस जातात.

वर्सोव्याच्या त्या थोड्याशा पट्ट्यात इतक्या केबल एकवटल्या आहेत, याची मला काळजी वाटते. नव्या केबलसाठी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याचाही विचार व्हायला हवा. आणि केबल कुठून जाते, हे मच्छीमार सोसायट्यांना आधी सांगायला हवं.