निपाणीची विडी, अमेरिकेचं माप

(दृश्य : निपाणी, सकाळ. उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई.)

पत्र्याचं माप ठेवून भिजलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक नखानं दाबायचं. मावशींची नजर कॅमेऱ्यावर, तरी एकही विडी वाकडी नाही. दातांवर मशेरी.

"सवय झालीया वो हाताला. चढ चढताना तेवढं छातीत दाटतंय बघा."

(दृश्य : आरोग्य शिबिर. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा पडदा.)

हे मावशींचं हृदय. अंगभर रक्त पोचवणारा हा स्नायू स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात घेतो. चढ आला की त्याची भूक वाढते, त्यासाठी बारीक रक्तवाहिन्या सैलावाव्या लागतात. सैलावणारा वायू, नायट्रिक ऑक्साइड, त्यांच्याच अस्तरात बनतो. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांनी ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढले, की ते हा वायू जागीच फस्त करतात. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. मोठ्या वाहिन्या मोकळ्या असूनही छाती दाटू शकते, ती अशी.

(दृश्य : रक्तदाबाच्या रांगेतले चेहरे, एकेक करून.)

हा ताण वर्णागणिक बदलतो का? अमेरिकेत यावर बराच वाद झालाय. हृदय कमकुवत झालेल्या 1050 कृष्णवर्णीय रुग्णांवर नायट्रिक ऑक्साइडला बळ देणाऱ्या औषधांची चाचणी झाली. 2004 साली निकाल आला : मृत्यू 43 टक्क्यांनी कमी. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांसाठी म्हणून गोळीला मान्यता. पण चाचणीत गोरा रुग्ण एकही नव्हता! मग गोळी वर्णाला लागू पडली की आजाराला?

आपल्यासाठी तर मापच उसनं. हृदयविकाराच्या धोक्याची गणितं ज्यावरून बेतली, तो अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावचा अभ्यास 1948 साली सुरू झाला, जवळपास सगळ्या गोऱ्या माणसांवर. पुढं 52 देशांच्या पाहणीत दिसलं, की दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी येतो, इतरांना 58-59व्या. कारणं मात्र जगभर होती तीच : तंबाखू, रक्तातली चरबी, साखर, रक्तदाब. आपल्याकडं ती लवकर गाठतात, एवढंच. त्यात कातडीचा रंग कुठं आला?

(दृश्य : पुन्हा उंबरा.)

पुढच्या तपासणीला बेळगावला जायला सांगितलंय. मावशींचं वय 51. रिपोर्टचा लिफाफा त्यांनी सुपाखाली सरकवलाय. आजच्या हजार विड्या पुऱ्या व्हायच्यात अजून.