पाठमोरे नर्तक : नारा येथील ओनमात्सुरी

शिंतो, म्हणजे जपानच्या पारंपरिक धर्माच्या, देवळांतील नृत्य-संगीताला आपण सहज 'कार्यक्रम' म्हणून जातो. हा शब्द आज घटकाभर बाजूला ठेवावा, अशी माझी आपणांस विनंती आहे. कार्यक्रम प्रेक्षकांसाठी असतो. जपानमधील नारा शहरात, कासुगा देवस्थानातील वाकामिया या देवळाच्या ओनमात्सुरी उत्सवात मात्र सारी सेवा देवाकडे तोंड करून होते, आणि माणसांना ती मागून किंवा कडेने जेवढी दिसेल तेवढीच दिसते.

अतिवृष्टी, दुष्काळ आणि रोगराईने प्रजा गांजली असताना, ११३६ साली सम्राटाचे प्रमुख कारभारी फुजिवारा नो तादामिची यांनी हा उत्सव सुरू केला. हल्ली १६ डिसेंबरच्या मध्यरात्री सगळे दिवे मालवून देवाला बाहेर आणतात. पुढे दोन मोठ्या मशाली जमिनीवरून ओढत नेतात, त्यांच्या निखाऱ्यांची वाट मागे उरते, आणि हातात साकाकी या पवित्र मानलेल्या झाडाच्या हिरव्या फांद्या धरलेले पुजारी देवाभोवती कडे करून 'ओऽऽ' असा दीर्घ, खर्जातला स्वर लावत चालतात. छायाचित्रे काढायला मनाई असते, ते बरेच आहे. मुक्काम असतो पाइनच्या पाल्याने शाकारलेल्या तात्पुरत्या देवघरात, आणि तोही चोवीस तासांच्या आतच आटोपावा लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्या देवघरापुढच्या हिरवळीच्या चौथऱ्यावर मिको, म्हणजे देवळात सेवा करणाऱ्या तरुणी, कागुरा हे देवापुढचे नृत्य करतात. पुढे अनेक प्रकार होतात, पण मला खिळवून ठेवते ते सेइनो. पांढऱ्या वस्त्रांतले सहा जण, डोळ्यांखालचा चेहरा पांढऱ्या कापडाने झाकलेला; दोघे बासरी वाजवतात, दोघे छोटा ढोल, आणि उरलेले दोघे बाहीने तोंड झाकून, कमरेत वाकून, पुढे-मागे पावले टाकतात. समुद्रदेव इसोराच्या चेहऱ्यावर शिंपले चिकटलेले होते, म्हणून तो लाजून तोंड लपवून नाचला, अशी कथा सांगतात. त्या संथ पावलांत नजाकतीपेक्षा संकोच अधिक आहे, आणि देवापुढे संकोच दाखवावा ही कल्पना मला विलक्षण वाटते.

शेवटच्या टप्प्यात तीन पुरुष उंचीहूनही मोठ्या नगाऱ्यांच्या साथीने बुगाकु, म्हणजे जुने दरबारी नृत्य-संगीत, रंगते. त्यातील काही रचना रिनयू, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधील चंपा, येथून आलेल्या मानतात. त्या आणणारा भिक्षू बुत्तेत्सू हा भारतीय भिक्षू बोधिसेन यांच्यासोबत ७३६ साली जपानला पोहोचला, आणि ७५२ मध्ये जवळच्याच तोदाइजी विहारात महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन बोधिसेनांच्याच हस्ते झाले. बौद्ध विहारांच्या वर्तुळात वाढलेले हे संगीत शिंतो देवापुढेही वाजते, त्याचे तेथे कोणालाच नवल वाटत नाही.

रात्री अकराच्या सुमारास पुन्हा सगळे दिवे मालवतात आणि बारा वाजायच्या आत तोच 'ओऽऽ' स्वर देवाला परत घेऊन जातो.